कॉम्प्लेक्स सिस्ट

पाळीला आठवडा होता आणि डाव्या ओटीपोटात एकाएकी कळ आली. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली बसून राहिले. पोटावरून तपासून झाल्यावर तिथल्या मॅडम म्हणाल्या, “नीट दिसत नाहीये. लघवी करून या, आतून बघू.” आतल्या तपासणीला लघवीची पिशवी रिकामी लागते. तपासताना दुखलं नाही, अवघडल्यासारखं मात्र झालं.

काउंटरवर पाकीट मिळालं, सांगितलं कुणीच काही नाही. घरी मोठ्यानं वाचलं: डाव्या ओव्हरीत ‘कॉम्प्लेक्स सिस्टिक लिजन’, ५.४ × ४.८ × ४.६ सेंमी. सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे गाठ?” आपल्याकडे गाठ म्हटलं की पुढचा शब्द कुणी उच्चारत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो. मुलगी दुसरीत आहे. रात्रभर तिच्या शेजारी जागी होते.

डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडाकडे धरली. काळ्या गोलात पांढुरक्या बारीक रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. “हे जाळं दिसतंय? दर महिन्याला बीज सुटतं, त्याची पिशवी मागे राहते. तुमच्या पिशवीत रक्त उतरलंय. ते साकळून विरघळताना असे धागे दिसतात. आत निव्वळ पाणी नाही, म्हणून कॉम्प्लेक्स लिहिलंय.”

मग पेनानं खालच्या एका ओळीखाली रेघ मारली. मी ती ओळ वाचलीही नव्हती: डॉपलरवर, म्हणजे सोनोग्राफीतच रक्त कुठे वाहतंय ते दाखवणाऱ्या तपासणीत, आत रक्तप्रवाह नाही. “मी आधी हे शोधते. आत घट्ट भाग असता आणि त्यात रक्त खेळत असतं, तर मला काळजी वाटली असती.” सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी करायची का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आत्ता नको. पाळी अजून येत असलेल्या बाईत तिचा आकडा साध्या कारणांनीही वाढतो.” पाळी गेलेल्या बाईत हेच चित्र दिसलं असतं तर वाट पाहत बसले नसते, हेही त्यांनी सांगितलं. माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी मी ते मुद्दाम लक्षात ठेवलंय.

ऑपरेशन नाही. आठ आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या पुन्हा सोनोग्राफी. तोवर एकाएकी जोराची कळ येऊन उलट्या झाल्या, तर मध्यरात्र असली तरी निघायचं, कारण अंडाशयाला पीळ पडू शकतो. हे वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आणि नवऱ्याला दोनदा वाचायला लावलं.

आठ आठवड्यांनी डाव्या ओव्हरीत काहीच नव्हतं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हटलं, “आई, रक्ताची पिशवी होती. जिरली.”