पोकेमॉन एमराल्डचा भाव आणि न येणारा फोटो (माझा अनुभव)

विकणाऱ्याला एक फोटो पाठवायला काय जातं हे मला अजून कळलेलं नाही. गेमची कॅसेट उघडायला पण सांगितली नव्हती, फक्त खालच्या पिना दिसतील अशी तिरकी धरून फोटो काढ एवढंच म्हणत होतो, आणि त्यात माझा जवळजवळ अख्खा पावसाळा गेला.

मी गेम बॉय अॅडव्हान्सच्या (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम) कॅसेट जमवतो. शाळेत असताना ज्यांचे काका-मामा आखातात होते त्यांच्याकडेच हे असायचं, बाकी आमच्या चाळीत सगळे सामुराईवाले (टीव्हीला जोडायचा गेम). आता स्वतः कमावतो म्हणून घेतो. बाकीच्या कॅसेट काही चोर बाजारात मिळाल्या, काही लॅमिंग्टन रोडला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते पोकेमॉन एमराल्ड या गेमवर.

मीरा रोडच्या एकाने ऑनलाइन टाकली होती. नुसती कॅसेट, डबा नाही, पुस्तिका नाही, आणि भाव २८ हजार. एवढे कसे विचारलं तर म्हणे भाऊ इंटरनॅशनल रेट बघा, आणि एक स्क्रीनशॉट. तो होता डबा-पुस्तिकेसकट पूर्ण सेटचा, आणि तोही कोणीतरी मागितलेला भाव, विकला गेलेला नाही. मुंबईत ज्याने फ्लॅट शोधलाय त्याला हा फरक माहीत असतो, जाहिरातीत काहीही आकडा असतो, खरा सौदा कितीत झाला ते इंडेक्स टू वर (सरकारी नोंदणीचा कागद) दिसतं. गेमच्या बाबतीत ते काम ईबेवरचा सोल्ड आयटम्सचा फिल्टर करतो, साधारण मागच्या तीन महिन्यांत खरंच विकलं गेलेलं दिसतं. त्यातही किमतीवर काट मारून बेस्ट ऑफर अॅक्सेप्टेड लिहिलं असेल तर तो आकडा धरायचा नाही, माल त्याहून कमीत गेलेला असतो आणि कितीत ते दिसत नाही. प्राइसचार्टिंग या गेमचे भाव दाखवणाऱ्या साइटवर लूज (नुसती कॅसेट), कम्प्लीट (डबा-पुस्तिकेसकट) आणि नवीन असे वेगवेगळे भावच दिलेले असतात. या गेमचे डबे पुठ्ठ्याचे, पोरांनी पहिल्याच दिवशी फाडून फेकले, म्हणून आज डब्याला एवढी किंमत आहे. मग ज्याच्याकडे डबाच नाही त्याने डब्याचे पैसे का मागायचे?

हे सगळं मी त्याला नीट लिहून पाठवलं, सोल्डच्या स्क्रीनशॉटसकट. तर उत्तरात २०२१ ची बातमी, सुपर मारिओ ६४ ची कॉपी १५ लाख ६० हजार डॉलरला गेली ती. अरे पण ती सीलबंद होती, ग्रेडिंग होऊन (म्हणजे स्थिती तपासून गुण) दहापैकी ९.८ मिळालेली होती, तिचा आणि दप्तरात फिरलेल्या कॅसेटचा काय संबंध! ही बातमी आल्यापासून ज्याच्या माळ्यावर जुना गेम आहे तो प्रत्येक जण करोडपती झाल्यासारखा बोलतो, खरंच वैताग आलाय.

शेवटी म्हटलं भावाचं नंतर बघू, आधी पिनांचा फोटो दे. कारण एमराल्डच्या डुप्लिकेट इतक्या सुटल्यात की लिस्टिंगमधल्या फोटोवर पैसे देणं म्हणजे पैसे पाण्यात. ओरिजिनल कॅसेट तिरकी धरली की पिनांच्या अगदी वर बोर्डावर निन्टेन्डो छापलेलं दिसतं. लेबलवर बारीक दाबलेले आकडे असतात, छापलेले नाहीत, उजेडात फिरवलं की उमटतात. लेबलवरचा कोड अमेरिकन कॉपीला एजीबी-बीपीईई-यूएसए. आणि उघडायचीच असेल तर तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो, त्याचा पेचकस लॅमिंग्टन रोडला मिळतो.

पण फोटो येईना. आधी म्हणे गावी आहे. मग समोरून काढलेला धूसर फोटो. मग गणपती. मग म्हणे माझ्या शब्दावर विश्वास नाही का, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे. मी म्हटलं विश्वासाचा प्रश्नच नाही, ओरिजिनल निघाली तर योग्य पैसे रोख देतो, पण बघितल्याशिवाय एक रुपया नाही. टोकन म्हणून हजार रुपये यूपीआय कर म्हणाला तेही नाही केले, आणि तुम्हीही करू नका. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पुढे काही ऐकलं नाही.

शेवटी दादरला स्टेशनजवळच्या एका उडपी हॉटेलात भेटलो, मी माझा गेम बॉय चार्ज करून नेला होता. कॅसेट तिरकी धरली आणि निन्टेन्डो दिसलं! लेबलवर आकडे पण होते. चालू केली तर आतली बॅटरी संपल्याचा मेसेज आला आणि त्याचाच चेहरा पडला, त्याला वाटलं आता हा घेत नाही. मला उलट बरं वाटलं, कारण वीस वर्षं जुन्या खऱ्या एमराल्डमध्ये हा मेसेज बहुतेक येतोच. ती बॅटरी फक्त गेममधल्या घड्याळासाठी असते, सेव्ह (खेळ जिथवर आला ती नोंद) तिच्याशिवाय राहतं. सेव्ह करून, बंद करून, परत चालू करून बघितलं, राहिलं होतं. लूजचे सोल्ड भाव समोर ठेवले आणि ११ हजाराला सौदा झाला. घरी येईपर्यंत लोकलमध्ये खिशावर हात होता माझा.

जुन्या गेम बॉयच्या पोकेमॉन रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हरचं मात्र उलटं आहे, तिथे बॅटरी गेली की सेव्हच जातं, त्यामुळे बॅटरी बदलायचा खर्च भावातून कापूनच बोला.

आणि सामुराईच्या पिवळ्या कॅसेट एनईएसच्या (निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा जुना गेम) ओरिजिनल, रेअर म्हणून विकणारे पण खूप आहेत. एनईएसच्या कॅसेटला ७२ पिना असतात, या पिवळ्या कॅसेट फॅमिकॉमच्या (एनईएसचं जपानी रूप) पद्धतीच्या, त्यांना ६०. त्या कॅसेटला परदेशी चार्टवरचा एनईएसचा भाव लावू देऊ नका, इथे लोक एकमेकांत कितीला घेतायत तेच विचारा. मी पिवळी कॅसेट घेतो ती लहानपणासाठी, आणि तेवढेच पैसे देतो.