पाणी स्वच्छ दिसत होते

भोपळ्या गेला तो शनिवार होता. सात वर्षांची थोरली सर्वांच्या आधी उठून त्याला खायला घालायला गेली आणि दोन मिनिटांतच माझ्या उशाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, भोपळ्या तिरका झालाय." मी उठून पाहिले. काचेच्या गोल भांड्यात आमचा नारिंगी गोल्डफिश एका कुशीवर, पाण्याच्या पृष्ठभागाला टेकून तरंगत होता. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे त्याचे डोळे उघडेच होते, आणि त्या उघड्या डोळ्यांमुळेच तो अजून जिवंत असावा असे तिला वाटत होते. भांडे मी आदल्याच दिवशी घासूनपुसून लख्ख केले होते. पाणी इतके नितळ होते की तळाचा एकेक खडा मोजता आला असता.

चार वर्षांचा धाकटा उठण्यापूर्वी तसाच दुसरा मासा आणून ठेवावा, हा विचार माझ्याही मनात आला होता आणि तो कुठल्याही आईवडिलांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र भोपळ्याच्या शेपटीच्या मुळाशी एक पांढरा डाग होता, आणि तो थोरलीने इतक्यांदा चितारला होता की तिला फसवणे शक्यच नव्हते. आज मला वाटते की शक्य असते तरी ते करू नये. ज्याच्यासाठी रडायचे तोच जागेवर पोहताना दिसला, तर मुलाने रडावे कोणासाठी?

धाकट्याला सांगताना मी आधी चुकले. "भोपळ्या देवाघरी गेला" असे म्हणताच त्याने "मग परत कधी येणार?" असे विचारले, आणि त्याच्या दृष्टीने तो प्रश्न अगदी रास्त होता, कारण त्याच्या जगात कोणाच्या घरी गेलेला माणूस संध्याकाळी परततोच. "झोपला" हा शब्द तर याहून वाईट, कारण त्या शब्दानंतर मुले स्वतः झोपायला घाबरू लागतात. शेवटी मी त्याला मांडीवर घेऊन साध्या शब्दांत सांगितले की भोपळ्या मेला आहे, म्हणजे त्याचे शरीर कायमचे थांबले आहे. तो आता श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, काही दुखत नाही आणि तो पुन्हा पोहणार नाही. त्याने ऐकून घेतले आणि तो खेळायला पळाला. पुढच्या चार दिवसांत तोच प्रश्न त्याने निदान दहा वेळा विचारला आणि दहाही वेळा मी तेच उत्तर त्याच शब्दांत दिले. ज्या घरात श्रद्धेची भाषा बोलली जाते त्यांनी ती अवश्य बोलावी, पण शरीराचे साधे सत्य त्याच्या आधी यावे असे माझे मत झाले आहे.

मारिया नागी या हंगेरियन अभ्यासिकेने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मृत्यूविषयी बोलून असे नोंदवले होते की पाच वर्षांच्या आतील मुले मृत्यूकडे दूर जाणे किंवा झोपणे म्हणूनच पाहतात, म्हणजे ज्यातून परत येता येते असे काहीतरी. मृत्यू कायमचा असतो, त्यात शरीराचे सर्व काम थांबते, तो प्रत्येक सजीवाला येतो आणि त्याला काही कारण असते, या चार गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतात, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले आहे. माझी दोन मुले या उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभी होती. धाकट्याला "परत येणार नाही" हे समजायचे होते आणि थोरलीला "का" हे हवे होते.

तिचा "का" रात्री अंथरुणात बाहेर आला. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मी गुरुवारी काचेवर जोरात टकटक केली होती. आणि त्याला खूप खायला दिलं होतं. मी मारलं का त्याला?" दिवसभर ती शांत होती आणि मी तिच्या शांतपणाला समजूतदारपणा मानत होते. या वयाच्या मुलांना आपल्या रागाने, आपल्या एखाद्या कृतीने किंवा नुसत्या मनात आलेल्या विचारानेही वाईट घडू शकते असे मनापासून वाटते, आणि विचारले नाही तर ती ते ओझे कोणाला न सांगता वाहत राहतात. म्हणून घरातला प्राणी गेल्यावर मूल शांत असले, तरी "तुला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" हा प्रश्न मोठ्यांनीच त्याच दिवशी विचारायला हवा.

तिला धीर देण्यासाठी "त्याचं वय झालं होतं" हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी बोलले नाही याचे मला आजही समाधान वाटते, कारण ते खोटे ठरले असते. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. ब्रिटनमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन गेला. आमचा भोपळ्या आमच्याकडे नऊ आठवडे होता.

भांड्यातले थोडे पाणी मी त्याच सकाळी एका स्वच्छ बाटलीत भरून ठेवले होते. पाणी तपासण्याचे किट आणून आम्ही दोघींनी काचेच्या छोट्या नळीत ते पाणी घेतले आणि अमोनियाच्या तपासणीचे थेंब मोजून टाकले. अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते. आमच्या नळीतले पाणी आधी पोपटी झाले आणि मग पाहता पाहता गडद हिरवे झाले. मेलेला मासा काही तास त्या पाण्यात होता, त्यामुळे त्या एका रंगावर मी सगळा निष्कर्ष टेकवत नाही. पण आदल्या संध्याकाळी भोपळ्या पृष्ठभागाशी येऊन सारखा तोंड उघडत होता, त्याचे कल्ले नेहमीपेक्षा लाल दिसत होते, आणि तो आमच्याशी बोलतोय असे समजून आम्ही तिघे कौतुकाने पाहत उभे होतो, हे आठवल्यावर वेगळ्या पुराव्याची मला गरज वाटली नाही.

झाले होते ते असे. मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया पाण्यात सोडत असतो. विष्ठेतून आणि न खाल्लेल्या अन्नातून त्यात आणखी भर पडते. मोठ्या पाण्यात आणि जुन्या टाकीत या विषाची विल्हेवाट लावणारे जिवाणू असतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, जे स्वतःही विषारीच असते आणि माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद हिरावून घेते. दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे बरेच सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. मी शुक्रवारी नेमके तेच खडे आणि तोच स्पंज नळाखाली खळखळून धुतला, सगळे पाणी ओतून टाकले आणि नळाचे ताजे पाणी भरले, ज्यातील क्लोरीन जिवाणूंनाही मारते आणि माशाच्या कल्ल्यांनाही भाजते. आठ लिटरच्या भांड्यात नऊ आठवडे कसेबसे तग धरून असलेले संरक्षण मी एका दुपारी, अगदी प्रेमाने, धुऊन टाकले होते.

हे मी थोरलीला सांगितले. भांडे मी निवडले, पाणी मी बदलले, माहिती घेण्याचे काम मोठ्या माणसाचे होते आणि ते मी केले नाही. तू टकटक केल्याने तो घाबरला असेल, पण मेला नाही. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग तू पण रडलीस का?" मी हो म्हणाले, कारण ते खरे होते. जास्त खायला देण्याबद्दल मात्र मी तिची खोटी समजूत काढली नाही. जास्त अन्नाने पाणी बिघडते हे तिला सांगितले, आणि किती द्यायचे ते तिला कोणी शिकवलेच नव्हते हेही सांगितले. निरोप देताना आम्ही तिघांनी मोठ्या कुंडीत खोल खड्डा करून त्याला पुरले. मेलेला मासा शौचालयात टाकून पाणी सोडणे मुलांच्या मनाला लागते, आणि ओढ्यात किंवा तळ्यात टाकल्यास त्याच्या अंगातील रोग तेथील माशांपर्यंत पोहोचू शकतो. नको झालेला जिवंत मासा तळ्यात सोडणे तर त्याहून चुकीचे. अनेक देशांत असे सोडलेले गोल्डफिश वाढून तळी गढूळ करून बसले आहेत.

गोल भांड्याबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण मुलांसाठी मासा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच येते. हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून, आणि गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की तो पृष्ठभाग एखाद्या बशीएवढा उरतो. त्यात पाणी कोमट झाले की प्राणवायू विरघळून राहण्याचे प्रमाण आणखी घटते, आणि त्याच उष्णतेत अमोनिया अधिक घातक बनतो. साधा गोल्डफिश पुरेशी जागा मिळाल्यास वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. बोटभर पिल्लू पाहून आपण भांडे निवडतो आणि ते पिल्लूच राहील असे गृहीत धरतो. फायटर माशाचीही हीच परवड होते. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून त्याला बरणीत ठेवले तरी चालते असा समज रूढ आहे. वास्तविक त्यालाही २४ ते २८ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, फिल्टर आणि निदान वीस लिटर पाणी लागते. बरणीत तो बरेच दिवस काढतो, त्याला जगणे म्हणवत नाही.

दुसरी टाकी आम्ही ६० लिटरची, आयताकृती घेतली, आणि त्यात जवळजवळ सात आठवडे एकही मासा सोडला नाही. जाणकार याला टाकी सायकल करणे म्हणतात. माशाशिवायच थोडा अमोनिया पाण्यात घालत राहायचे, म्हणजे जिवाणूंना खाद्य मिळते आणि ते फिल्टरवर वस्ती करतात. मुलांना इतका धीर राहील का, याची मला धास्ती होती. पण हे आठवडेच त्यांच्या शोकाला उपयोगी पडले. थोरलीने एक वही केली. पहिल्या पानावर पांढऱ्या डागासह भोपळ्याचे चित्र काढले आणि पुढच्या पानांवर तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असे रकाने आखले. धाकट्याचे काम थेंब मोठ्याने मोजण्याचे. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागला तेव्हा त्यांनी उड्या मारल्या, आणि लगोलग नायट्राइट चढला तेव्हा थोरली म्हणाली, "म्हणजे आत्ता मासा आणला असता तर तोही गेला असता." भोपळ्याचे नाव या काळात घरात रोज निघाले, कधी रडून, पुढे पुढे न रडता.

या काळात आम्ही बरेच शिकलो, आणि ते आधी शिकायला हवे होते याची खंत वाटते. पाणी दर आठवड्याला पाव भाग बदलायचे, सगळे कधीच नाही. नवे पाणी क्लोरीन काढणारे औषध घालून आणि टाकीच्या तापमानाला आणूनच ओतायचे. रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते तसे उडत नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, त्याचे तपकिरीपण नळाखाली घालवायचे नाही, कारण तो मळ म्हणजेच आपले जिवाणू. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. मासा पंख मिटून कोपऱ्यात बसला, खाईनासा झाला किंवा वर येऊन धापा टाकू लागला, तर औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासायचे.

चाळिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. मला वाटले मुले त्याच दिवशी मासे आणायचा हट्ट धरतील, पण थोरलीने आणखी आठवडाभर तपासून पाहू असे सांगितले. साठ लिटर गोल्डफिशला पुरत नाही हे तिनेच मला वाचून दाखवले होते, म्हणून आम्ही गप्पीचे तीन नर आणले आणि पुढचे तीन महिन्याभराने आणायचे ठरवले. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून, तापमान सारखे झाल्यावर त्यांना जाळीने अलगद आत घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने काचेपासून हातभर दूर उभे राहून विचारले, "ताई, हे पण मरणार?"

"हो, कधीतरी," ती वहीत शून्य लिहीत म्हणाली. मग तिने डबी उघडली, चिमूटभर खाद्य त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्यातले अर्धे परत डबीत टाकले.