बंद केलाय म्हटलं ना

बुधवार, रात्री उशिरा

मीटिंग संपून बराच वेळ झालाय, पण मनातली चडफड काही जात नाही. कारण इतकं बारीक आहे की कुणाला फोन करून सांगायचीही सोय नाही.

बाहेरचा मॉनिटर मी दुपारीच बंद केला होता. डोळे चुरचुरत होते, म्हटलं आज लॅपटॉपवरच भागवू. आणि मीटिंगची विंडो नेमकी त्या काळ्या स्क्रीनवर जाऊन उघडली. लॅपटॉपवर काही नाही. टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक केलं की ते उजळायचं, पुन्हा क्लिक केलं की विझायचं, विंडोचा मात्र पत्ता नाही. सुरुवातीला आवाजही येईना, कारण तोसुद्धा एचडीएमआयच्या (चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या) केबलमधून त्या बंद मॉनिटरच्या स्पीकरकडे निघाला होता. तो हाताने लॅपटॉपच्या स्पीकरवर वळवला तेव्हा कळलं की माझंच नाव घेतलं जातंय. "आहेस का? ऐकू येतंय का?" सगळं ऐकू येत होतं. म्यूट काढायचं बटण अंधारात होतं.

शेवटी केबलच उपसली. विंडो लगेच लॅपटॉपवर आली, पण तोवर माझा मुद्दा दुसऱ्याच कुणीतरी मांडून झाला होता. तो कोणी मांडला हे लिहायची इच्छा नाही.

मला छळतंय ते वेगळंच. मी बटण दाबलं होतं. मॉनिटरचा दिवा विझलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. मग लॅपटॉपला ते कळू नये?

मीटिंगनंतर केबल परत लावली, मॉनिटर बंदच ठेवला आणि डिस्प्लेच्या सेटिंग्ज उघडल्या. 1 आणि 2 असे दोन चौकोन शेजारी शेजारी, जणू काही झालंच नाही. माउस उजवीकडे सरकवला तर कर्सर लॅपटॉपच्या कडेतून निघून गेला, त्या काळ्या काचेमागे कुठेतरी. मग मॉनिटरचा भिंतीतला प्लगसुद्धा काढला. आता तर त्याच्यात विजेचा थेंब नाही. तरीही दोन चौकोन.

तेव्हा मात्र रडू यायचंच बाकी होतं. वाटलं, माझ्या बाबतीत हे सगळीकडे असंच आहे. मी थांबले म्हटलेलं पोचतच नाही कुणापर्यंत. आता नाही जमणार असं स्पष्ट लिहून कळवलं तरी 'तू आहेसच की' असं धरून कामं येत राहतात. केतनचं ते परवाचं बोलणंही त्याच जातीचं होतं. जाऊ दे.

झोप येणार नव्हती, म्हणून वाचत बसले.

एचडीएमआयच्या खोबणीत 19 पिना असतात. त्यांतल्या 18व्या पिनेवरून लॅपटॉप स्वतःच मॉनिटरकडे 5 व्होल्ट पाठवतो. 19वी पिन पलीकडे कुणी जोडलेलं आहे का, हे कळण्यासाठी. आणि बऱ्याच मॉनिटरमध्ये आत काय केलेलं असतं, तर 18व्या पिनेवरून आलेले तेच 5 व्होल्ट एका रेझिस्टरमधून (विजेला अडवणारा छोटासा भाग) 19व्या पिनेवर परत सोडलेले असतात. लॅपटॉपने पाठवलेलंच लॅपटॉपला परत मिळतं, आणि तो समजतो की समोर कुणीतरी आहे. मॉनिटरचं बटण या वाटेत येतच नाही. भिंतीतला प्लगही येत नाही. बटण दाबून मी मॉनिटरला सांगितलं, आणि तो मुकाट्याने विझला. पुढे कुणाला कळवायचं त्याच्याकडे कामच नव्हतं.

इतकंच नाही. मॉनिटरमध्ये एक लहानशी मेमरी असते, तिच्यात त्याची ओळख साठवलेली असते. ईडीआयडी म्हणतात तिला, 1994 पासूनचं हे प्रमाण आहे. मूळ भाग फक्त 128 बाइटचा. कंपनीची खूण, मॉडेल, कोणत्या वर्षी बनला, बहुतेक वेळा कोणत्या आठवड्यात तेही, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कोणती रिझोल्यूशन चालतील ते. ही मेमरी वाचायलाही लॅपटॉपकडून येणारे ते 5 व्होल्ट पुरतात. प्रमाणानुसार पाठवणाऱ्या यंत्राने त्या पिनेवर निदान 55 मिलिअँपिअर देण्याची तयारी ठेवायचीच असते. म्हणजे प्लग काढलेला, पूर्ण थंड पडलेला मॉनिटरसुद्धा विचारलं की आपलं नाव, गाव, जन्मसाल सगळं सांगतो. समोरच्याने पुरवलेल्या विजेवर.

इथे मी बराच वेळ थांबले. पुढचं वाचवेना. आपण बंद झाल्यावरही आपल्याबद्दलची माहिती समोरच्याला मिळत राहते आणि तो तेवढ्यावर आपल्याला हजर धरतो, हे मला फार लागलं. का लागलं ते नीट लिहिता येत नाहीये. प्रसाद म्हणतो तसं मी सगळं अंगाला लावून घेते, असेल.

पण मग ऑफिसची जागा आठवली. तिथे केबल डिस्प्लेपोर्टची आहे, म्हणजे मॉनिटर जोडायच्या दुसऱ्या एका प्रकारची. तिच्यातही अशी हजेरीची पिन असते, पण तिथला मॉनिटर बंद केला की तो ती खूण काढून घेतो. सगळे मॉनिटर असं करत नाहीत, तो करतो. लॅपटॉपला वाटतं स्क्रीनच गेली. सगळ्या विंडो धडाधड लहान पडद्यावर येऊन एकमेकींवर पडतात. जरा उठून आलं, मॉनिटर लावला, की पुन्हा एकेक उचलून जागेवर ठेवायची. या त्रासासाठीच विंडोज 11 मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवायची सोय आली, आणि ती आली तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं.

म्हणजे तिथे कळवलं जातं म्हणून त्रास, इथे कळवलं जात नाही म्हणून. दोन्हींत तथ्य आहे, हे मला मान्य करावं लागतंय. स्क्रीन विझवून उठणारा माणूस बहुतेक वेळा परत येणार असतो. आल्यावर त्याची कागदपत्रं होती तिथेच सापडावीत, यात वाईट काय? बटणाने उजेड जातो, जोडणी राहते. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी माझ्याविरुद्ध काही ठरवलेलं नव्हतं. इतका वेळ मी भांडत होते ते कुणाशी, कोण जाणे. राग उतरला, एवढं मात्र खरं.

तरी एक म्हणणं सोडत नाही. आवाज कुठे जातोय, विंडो कुठे उघडतेय, हे लॅपटॉपने निदान दाखवायला हवं होतं. 'स्क्रीन 2 वर उघडलं आहे' एवढी एक ओळ. माणूस गोंधळलाय हे त्याला ओळखता येणार नाही, पण ओळ दाखवता येईल.

आता कामाचं, विसरायच्या आत.

मॉनिटर बंद करण्याआधी विंडोजची कळ आणि पी, मग फक्त पीसीची स्क्रीन असलेला पर्याय. तेवढं केलं की केबल तशीच राहिली तरी चालतं, पलीकडे काही उघडत नाही. विंडो हरवलीच तर आधी टास्कबारवरून ती निवडायची, मग विंडोज, शिफ्ट आणि बाण, की ती इकडच्या पडद्यावर येते. केबल उपसायची गरज नाही. आज मी ती ज्या जोराने ओढली, तसं रोज केलं तर खोबणी सैल होईल.

शुक्रवारी पुन्हा मीटिंग आहे, तीच माणसं. मुद्दा गेला तो गेला, पण त्याचा दुसरा भाग अजून कुणी मांडलेला नाही. तो उद्याच लिहून पाठवते सगळ्यांना, बोलायची वेळ येण्याआधी.