गिअरबॉक्स पटकन ठरला, अडलं ते बेलहाउसिंगपाशी

डेट्रॉइटच्या आसपासच्या आपल्या लोकांपैकी दोघातिघांनी गणपतीत विचारलं की मस्टँगचा गिअरबॉक्स बदलण्याचं काय झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. खरं सांगायचं तर अजून डोक्यातून राग गेलेला नाही, तेही एक कारण आहेच.

माझी गाडी 1991 ची फॉक्स-बॉडी (फोर्डच्या त्या पिढीच्या सांगाड्याची) मस्टँग. मूळ 5.0 लिटरच्या इंजिनाच्या जागी 347 क्युबिक इंचाचं स्ट्रोकर (पिस्टनची धाव वाढवून मोठं केलेलं इंजिन), वर सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप). डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकाला 450 पाउंड-फुटांच्या पुढे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. त्या सालच्या मस्टँगमधला टी-5 गिअरबॉक्स 300 पाउंड-फुटांसाठी होता. गिअर बदलायला तो फार गोड, पण एवढ्या ताकदीला चिकट टायरची जोड मिळाली की तिसऱ्या गिअरचे दात जायचा धोका असतो. मोडायची वाट न बघता मी तो काढायचं ठरवलं.

निवड फारशी अवघड गेली नाही. शेवटी दोनच नावं उरली, दोन्ही ट्रेमेक या गिअरबॉक्स कंपनीची: पाच गिअरचा टीकेएक्स आणि सहा गिअरचा टी-56 मॅग्नम. पहिला 600 पाउंड-फुटांचा, दुसरा 700 चा. मॅग्नम जड आणि महाग. शिवाय माझा मागचा एक्सल 3.55 गुणोत्तराचा आणि टायर 26 इंचांचे. त्याच्या 0.50 च्या सहाव्या गिअरमध्ये ताशी 70 मैलांना इंजिन 1600 आरपीएमवर येतं, आणि माझा कॅमशाफ्ट तिथे कुरकुरतो. टीकेएक्सच्या 0.68 च्या पाचव्यात तोच आकडा 2200 च्या आसपास येतो, तो मला हवा होता. पहिला गिअर 3.27 चा घ्यायचा की 2.87 चा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. सुपरचार्जर असेल तर सरळ 2.87 घ्या. 3.27 चा घेतलात तर पहिला गिअर नुसता टायर जाळण्यात संपतो.

आता सुरक्षेचं, कारण घरच्यांना शेजारी बसवून आपण हीच गाडी चालवणार असतो. गिअरबॉक्स कितीही भक्कम असला तरी तो दात तुटण्यापासून वाचवतो, फुटलेल्या फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या मागे फिरणाऱ्या जड चाकापासून) नाही. बिडाचं जुनं फ्लायव्हील 6500 आरपीएमला फुटलं तर त्याचे तुकडे ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचभोवतीचं आवरण) आणि पायाखालचा पत्रा फाडून आत येतात, आणि तुमचा डावा पाय नेमका तिथेच असतो. म्हणून एसएफआय (रेसिंगच्या भागांचं सुरक्षा मानक) 1.1 चं स्टीलचं फ्लायव्हील आणि क्लच, आणि एसएफआय 6.1 चं पोलादी बेलहाउसिंग. यात पैसे वाचवायचे नाहीत. हप्त्याने घ्या, पण घ्या.

ते बेलहाउसिंग बसवायची वेळ आली आणि सगळं थांबलं.

बेलहाउसिंगमधलं गोल भोक, ज्यात गिअरबॉक्सची मान बसते, ते क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मध्याशी जुळायला हवं. डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजायचं साधन) फिरवल्यावर एकूण फरक 5 थाउच्या आत, म्हणजे 0.005 इंच. त्याहून जास्त असेल तर इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) कायम वाकडा ओढला जातो: गिअर अडतात, पायलट बेअरिंग ओरडतं, सिंक्रोनायझर झिजतात. पुढे नवाकोरा बॉक्स खराब झाल्यावर वॉरंटी मागायला गेलात तर विक्रेता पहिलं रनआउटचं, म्हणजे याच फरकाचं, रीडिंगच मागतो. माझ्या पावतीवर ही अट छापलेली होती.

ज्या वर्कशॉपला काम दिलं होतं, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की डायल लावून मोजा आणि आकडा लिहून द्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "नवीन पार्ट आहे, मोजायचं काय त्यात?" मी म्हटलं, नवीन आहे म्हणूनच. मग सुरू झाली टोलवाटोलवी. आज मेकॅनिक सुट्टीवर, उद्या डायल दुसऱ्या शाखेत, परवा लिफ्ट रिकामी नाही. मी म्हटलं, डायल माझी, मॅग्नेटिक बेस माझा, मी येऊन मोजतो. तर विम्याच्या नियमामुळे गिऱ्हाइकाला आत येता येत नाही. म्हणजे ते मोजणार नाहीत आणि मलाही मोजू देणार नाहीत! वर रोज फोन, "नुसतं बसवून देऊ का?" भोसरीच्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला तुम्ही "नुसतं बसवून देऊ" म्हणता? मी नाही म्हणत राहिलो. गाडी तिथेच पडून, आणि तिकडे ऑगस्टमधला वुडवर्डचा ड्रीम क्रूझ (इथला जुन्या गाड्यांचा मेळावा) निघून गेला. त्याची हळहळ अजून आहे.

शेवटी फ्लॅटबेड बोलावून गाडी उचलली आणि ड्रॅग रेसच्या गाड्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. मी काही बोलायच्या आतच त्याने स्पार्कप्लग काढले, बेस फ्लायव्हीलला चिकटवला, डायलचं टोक भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि मला म्हणाला, तू क्रँक फिरव. पाव फेरा, अर्धा फेरा. काटा सरकत सरकत 27 थाउवर गेला. चालतात 5, इथे 27! "नवीन पार्ट" म्हणणाऱ्याला तो काटा दाखवायला हवा होता.

उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे. रीडिंगचं निम्मं करायचं, कारण डायल दोन्ही बाजूंचा फरक मिळून दाखवते. माझं आलं साडेतेरा, म्हणून 14 थाउचे ऑफसेट डॉवेल (बेलहाउसिंगची जागा ठरवणाऱ्या, मुद्दाम मध्य सरकवलेल्या खुंट्या). असे डॉवेल 7, 14 आणि 21 थाउचे मिळतात. ब्लॉकमधले तीस वर्षांचे जुने डॉवेल निघता निघत नव्हते, त्यातच दुपार गेली. नवे दोन्ही एकाच दिशेला फिरवून बसवायचे, बोल्ट आवळायचे, पुन्हा मोजायचं. काटा 2 थाउच्या आत आला तेव्हा मला जे वाटलं ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही वाटलं नव्हतं. त्याने रीडिंग पावतीवर लिहून दिलं. बेलहाउसिंगचा मागचा सपाट चेहराही तसाच मोजून घ्या, तिथेही 5 थाउचीच मर्यादा.

त्यापुढचं सगळं सुरळीत झालं. पहिले 500 मैल शहरातच आरामात चालवली. आता 6000 ला दुसऱ्यातून तिसरा टाकला तरी कुठे अडत नाही.

काम देण्याआधी फोनवर एकच विचारा: बेलहाउसिंगला डायल लावता का? समोरचा गोंधळला तर दुसरीकडे जा.

फ्लायव्हील मागवताना बॅलन्स (तोल साधणाऱ्या वजनाचा आकडा) विचारायचा, हे वर राहिलं. मूळ 5.0 ला 50 औंसाचं लागतं, स्ट्रोकर क्रँकला बहुधा 28 चं. इंजिन बांधणाऱ्याकडून लेखी घ्या. क्लच डिस्क टी-5 ची चालत नाही, त्याचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) 10 आणि टीकेएक्सचे 26. प्रॉपेलर शाफ्टचा यॉकही (गिअरबॉक्समध्ये बसणारं टोक) बदलावा लागतो, 28 चा काढून 31 स्प्लाइनचा. तो बॉक्ससोबतच मागवा, नाहीतर गाडी लिफ्टवर आणि तुम्ही कुरियरची वाट बघत.