साडेअकराचा नमुना

नागपूरच्या एका प्रयोगशाळेसाठी मी गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यातील पाण्याचे नमुने गोळा करतो. एप्रिलमधल्या फेरीत, कन्हान जिथे वैनगंगेला मिळते त्या आंभोऱ्याजवळ, बोटीच्या पंख्यात इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, अशी गुंडाळली गेली की इंजिन बंद पडले आणि दहा-बारा डोंगे लागलेल्या ढिवरांच्या एका लहान घाटावर आम्हाला रात्र काढावी लागली.

विरघळलेला प्राणवायू मोजणे हे माझ्या हातचे काम आहे. 300 मिलिलिटरच्या बाटलीत पाणी खळखळू न देता भरायचे, लगेच मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-ॲझाइड प्रत्येकी 2 मिलिलिटर सोडायचे आणि आत एकही बुडबुडा न ठेवता बूच बसवायचे. तळाशी बसणारा साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढरा आला तर नाही. बादलीने पाणी उपसून वरून बाटलीत ओतणारे सहकारी मी पाहिले आहेत. ते पाण्यातला नव्हे, ओतताना मिसळलेला प्राणवायू मोजतात.

त्या दिवशी साडेअकराच्या नमुन्यात 7.8 मिलिग्रॅम प्रतिलिटर निघाले होते, म्हणजे मासळीसाठी ठरलेल्या किमान 4 च्या जवळजवळ दुप्पट. संध्याकाळी जाळे सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवरभाऊंना मी तो आकडा मोठ्या समाधानाने सांगितला. ते म्हणाले, "साहेब, तुमी उन्हातच कावून येता जी? पायटे पाहा ना, मासोळी वर येऊन तोंड उघडून रायते."

पहाटे पाचला त्यांच्याच डोंग्यातून नमुना घेतला. साका जेमतेम पिवळसर झाला. घाटावरच थायोसल्फेटने टायट्रेशन केले, तर 2.1. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथवर येते, त्यावर शेवाळ माजते, ते दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच ओढून घेते, हे मला महाविद्यालयापासून पाठ होते. तरीही गाडी सकाळी आठला निघते आणि चालकाची पाळी सहाला संपते, म्हणून आम्ही नेहमी भर उन्हात पोहोचतो, आणि याबद्दल कोणी, मीसुद्धा, कधी तक्रार केली नव्हती.

अहवालात मी दोन्ही आकडे वेळेसह लिहिले. पत्रकात एका ठिकाणाचा एकच आकडा बसतो, तेव्हा पहाटेचा शेऱ्यात टाका, असे वरिष्ठांनी सांगितले. माझ्या सहीचे त्या ठिकाणाचे सहा वर्षांचे नमुने कपाटात आहेत. परवा ते काढून पाहिले, सगळे साडेअकरा ते एकच्या दरम्यानचे.