१९६८ची डॉज डार्ट घेताना: इंजिन कसं ठरवलं

अमेरिकेत, मिशिगनमध्ये जुनी गाडी घ्यायची, तर पर्यायांना तोटा नाही. मला डार्टच हवी होती. डॉज हे नाव आमच्या घरात जुनं. मुंबईत प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी डॉज गाड्या जुळवल्या जात. प्रश्न राहिला तो इंजिनाचा, आणि त्यातच माझा सगळा वेळ गेला.

१९६८च्या डार्टमध्ये तळाला १७० घन इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, ११५ अश्वशक्तीचं. त्यावर २२५ घन इंचाचं, १४५ अश्वशक्तीचं. पुढे २७३ आणि ३१८चे व्ही-८ (आठ सिलिंडरचे), आणि जीटीएस या जोरदार आवृत्तीत ३४० किंवा ३८३. आज बाजारात भाव आहे तो ३४०ला. पण डार्ट त्यासाठी जन्मलेली नाही. १९६३मध्ये ती कॉम्पॅक्ट झाली तेव्हा तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १११ इंच होता, तर तिच्याच घरातल्या, म्हणजे क्रायस्लरच्याच, प्लिमथ व्हॅलियंटचा १०६. म्हणजे गाडी आटोपशीर, पण मागच्या सीटवर पाय मोकळे. खर्च बेताचा, पण गाडी अगदी स्वस्तातली वाटू नये, असं ज्याला वाटतं त्याची ही गाडी. या गिऱ्हाइकाला २२५ नेमकं बसतं. चार दारांची, २२५वाली डार्ट हीच मला खरी डार्ट वाटते, आणि मी तीच शोधली.

हे इंजिन उजवीकडे ३० अंश कललेलं असतं, म्हणून त्याला स्लँट सिक्स म्हणतात. कलल्यामुळे बॉनेट खाली ठेवता आलं, आणि डाव्या बाजूला इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या) लांब नळ्यांना जागा मिळाली. १७० आणि २२५चा बोअर (सिलिंडरचा व्यास) एकच, ३.४ इंच, फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचा. २२५चा स्ट्रोक एक इंचाने जास्त, म्हणून कमी आरपीएमला ते छान ओढतं.

गाडी बघताना मी आधी विंडशील्डमधून डॅशबोर्डवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) वाचायचो. त्यात पाचवं अक्षर इंजिनाचं: ए म्हणजे १७०, बी म्हणजे २२५. सुरुवातीचं एल म्हणजे डार्ट, ४१ म्हणजे चार दारांची सेडान. एका जाहिरातीत २२५ लिहिलं होतं, पण पाचवं अक्षर ए निघालं. इंजिन मध्ये बदललेलंही असू शकतं, म्हणून ब्लॉकवर, उजव्या बाजूला कॉइलजवळ कोरलेला आकडाही बघायचा. तिथेही १७०च होतं. ती गाडी सोडली.

शेवटी जी घेतली तिचं इंजिन टिकटिक करत होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. या इंजिनात व्हॉल्व्हची फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, व्हॉल्व्हची फट हाताने लावावी लागते: इंजिन गरम असताना इनटेकला इंचाचे १० हजारांश, एक्झॉस्टला २०. आवाज अजिबातच नसेल तर मला जास्त शंका येते, कारण फट घट्ट झाली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. खरी भीती गंजाची. पुढच्या टॉर्शन बारची (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांची) मागची टोकं ज्या आडव्या मेंबरमध्ये बसतात, तो मी खाली झोपून, टॉर्च मारून, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. तो शाबूत होता, तेव्हाच भावाची बोलणी सुरू केली.

एक गोष्ट चाक काढणाऱ्याने लक्षात ठेवावी: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. जोर लावून बोल्ट तोडू नका.

मी हिस्टॉरिक प्लेट (हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांची नंबरप्लेट) घेतली आहे. इथे ती २५ वर्षांहून जुन्या गाडीला मिळते. एरवी मेळावे, प्रदर्शनं, मिरवणुका एवढ्यापुरतीच गाडी काढता येते, ऑगस्टमध्ये मात्र मोकळीक असते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा इथला जुन्या गाड्यांचा मोठा मेळावाही ऑगस्टमध्येच. त्याआधी पुढच्या ड्रम ब्रेकचे नवे शू बसवायचे आहेत.