बिसुतूनचा शिलालेख मूळ लिपीत वाचताना

पश्चिम इराणात करमानशाह शहरापासून साधारण 30 किलोमीटरवर बिसुतूनचा कडा आहे. इ.स.पू. 520 च्या सुमारास प्राचीन इराणच्या हखामनी घराण्यातला सम्राट दार्युश याने आपण गादीवर कसे आलो याची हकिगत या कड्यावर तीन भाषांत कोरून घेतली: एलामी, बाबिली आणि प्राचीन फारसी. मी शाळेत संस्कृत शिकवते. हा लेख भाषांतरात वाचला होता, पण प्राचीन फारसी संस्कृतच्या इतकी जवळची आहे म्हटल्यावर भाषांतरावर समाधान होईना. मूळ वाचायचं ठरवलं. ते कसं जमत गेलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण थोडंफार संस्कृत येणाऱ्या मराठी माणसाला हे काम वाटतं त्याहून पुष्कळ सोपं आहे आणि तरीही या वाटेला फारसं कुणी जात नाही.

सुरुवात लिपीपासून. हा लेख कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत आहे. कीलाकार लिपी म्हटलं की शेकडो चिन्हं डोळ्यांपुढे येतात. बाबिलीला ती आहेतही. प्राचीन फारसीला मात्र अक्षरचिन्हं फक्त 36. शिवाय शब्द संपला की मध्ये खूण असते, त्यामुळे कुठे तोडायचं हा प्रश्नच नाही. आणि व्यंजनाच्या चिन्हात अ आधीच मिसळलेला असतो, आपल्यासारखाच. ही गोष्ट 1836 मध्ये ख्रिस्टिअन लासेन या संस्कृत पंडिताच्या लक्षात आली आणि वाचनाचं घोडं पुढे सरकलं. बाराखडी मात्र अपुरी आहे. द, दि, दु अशी तीन वेगळी चिन्हं आहेत, क ला फक्त क आणि कु. ‘कि’ लिहायचं तर क पुढे इ काढायची. अनुस्वार लिहीतच नाहीत: ‘कंबुजिय’ हे नाव क-ब-उ-जि-इ-य असं येतं. अ कुठे म्हणायचा आणि कुठे गाळायचा हेही वाचणाऱ्यानेच ठरवायचं. याची मला भीती होती, पण ‘जनता’ लिहून ‘जन्ता’ वाचणाऱ्यांना ते अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. मी चौकटीच्या वहीत रोज राजाचं नाव गिरवायचे, द-आ-र-य-व-उ-श. या एका नावातच सात चिन्हं पक्की होतात.

लिपी बसल्यावर थेट बिसुतूनला हात घातला नाही. आधी पर्सेपोलिस या हखामनी राजधानीतले छोटे लेख घेतले. तिथल्या दार्युशच्या महालाच्या दारावरचा लेख म्हणजे जेमतेम एक वाक्य: दार्युश, राजांचा राजा, विश्तास्पाचा मुलगा, हखामनी, आणि शेवटी ‘ह्य इमम् तचरम् अकुनउश’, ज्याने हा महाल बांधला. ‘अकुनउश’ पाहिल्यावर वेदातलं ‘अकृणोत्’ आठवलं आणि मग धीर आला. व्याकरणासाठी रोलंड केंट यांचं 1950 चं पुस्तक पुरतं. त्यात नियम, मूळ पाठ आणि शब्दकोश एकत्र आहेत. मुंबईत फोर्टमधल्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात या विषयावरची पुस्तकं आहेत, आसपास राहणाऱ्यांनी तिथे जरूर जावं. पण संस्कृतवर फार विसंबायचं नाही. ‘दह्यु’ दिसलं की ‘दस्यु’ आठवतं, आणि तिथे अर्थ आहे देश!

मग बिसुतून. पहिला सोडला तर जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात एकच: ‘दार्युश राजा म्हणतो’. ही पुनरुक्ती नवख्याला फार उपयोगी पडते, कारण दर थोड्या ओळींनी पाय टेकायला ओळखीची जागा मिळते. पहिल्या स्तंभात, म्हणजे मजकुराच्या पहिल्या उभ्या रकान्यात, ‘इम त्य मना कर्तम्’ आलं, शब्दशः ‘हे जे माझं केलेलं’. इंग्रजीत त्याचं ‘मी हे केलं’ होतं आणि मूळची घडण हरवते. ‘माझं लिहून झालं’ असं आपण दिवसभर म्हणतो, त्यामुळे मला तिथे अडखळायला झालं नाही.

दुसऱ्या स्तंभात मात्र थांबावं लागलं. मीडिया नावाच्या प्रांतात बंड करणारा फ्रवर्ती पकडला जातो आणि राजा सांगतो की मी त्याचं नाक, कान आणि जीभ कापली, एक डोळा फोडला, त्याला माझ्या दाराशी बांधून ठेवलं, सगळ्या लोकांनी त्याला पाहिलं, मग हमदानला त्याला सुळावर दिलं. भाषांतरात हे वाक्य मी झरकन वाचून गेले होते. अक्षर लावत वाचताना तसं होत नाही. ‘नाहम्’, म्हणजे नाक. मग कोश उघडायचा, पुढचा शब्द कान. मग जीभ. प्रत्येक शब्दाशी आपण थांबलेलो असतो. त्या दिवशी मी वही मिटून ठेवली.

आणि हाच राजा पानोपानी सत्याबद्दल बोलतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आधीचा सम्राट कंबुजिय याने सख्खा भाऊ बर्दिय याला गुपचूप मारलं होतं, आणि गौमात नावाच्या मगाने (मग म्हणजे इराणी पुरोहित) ‘मीच बर्दिय’ म्हणून राज्य बळकावलं. दार्युशने इ.स.पू. 522 मध्ये त्याला ठार केलं. त्यानंतर एका वर्षात 19 लढाया आणि नऊ राजे कैद. प्रत्येक बंडखोराबद्दल तेच क्रियापद: तो खोटं बोलला. चौथ्या स्तंभात तो पुढच्या वाचकाला बजावतो की मी केलेलं खरं मान, खोटं समजू नकोस. मारला गेलेला माणूस खराच बर्दिय असावा, अशी शंका अनेक इतिहासकार घेतात. मूळ वाचून माझंही मत तिकडेच झुकलं. इतकी विनवणी कशासाठी?

पुढे आम्ही करमानशाहला गेलो. आपली बँक कार्डं तिथे चालत नाहीत, सगळे पैसे रोख न्यावे लागतात, एवढंच प्रवासाबद्दल सांगते. टॅक्सीवाले काका कुर्द होते. त्यांना दार्युशपेक्षा शिरीनचा फरहाद जवळचा. शेजारचा भलामोठा तासलेला कडा फरहादनेच कोरला, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. लेख इतका उंचावर आहे की खालून एक अक्षर लागत नाही. दुर्बिणीतून धनुष्य धरलेला राजा, त्याच्या पायाखाली गौमात आणि हात मागे बांधलेले नऊ कैदी नीट दिसले. म्हणजे वाचायचं ते घरूनच वाचून जावं लागतं. दार्युशलाही हे माहीत असणार, म्हणून त्याने नकला सर्वत्र धाडल्या. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर अरामी भाषेतली एक सापडली आहे.

हेन्री रॉलिन्सन हा 1827 मध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत मुंबईला आला, भारतातच फारसी शिकला आणि 1835 पासून या कड्यावर चढून अक्षरं उतरवू लागला. बाबिली भागाचे कागदी ठसे 1847 मध्ये एका कुर्द मुलाने जीव धोक्यात घालून घेतले. त्या मुलाचं नाव कुठेच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सध्या पाचवा स्तंभ चालू आहे. तो नंतर जोडलेला आणि फार झिजलेला आहे, कित्येक ओळींचा अर्धा भागच उरलाय. त्यात शकांवरच्या स्वारीची हकिगत येते. रांगेतला शेवटचा, उंच टोपीचा कैदी स्कुंख हा त्यांचाच सरदार. त्याची आकृती मागाहून कोरताना एलामी मजकूर कापला गेला आणि तो मजकूर दुसरीकडे नव्याने कोरावा लागला. आम्ही दोघी-तिघी आठवड्यातून एकदा ऑनलाइन बसून हे वाचतो. कुणाला यायचं असेल तर जरूर या, फक्त 36 चिन्हं गिरवून या.